रिकाम्या खोलीला किती गुण?

माझ्या कपाटात एकवीस शाली आहेत आणि त्यातली एकही मी विकत घेतलेली नाही. नारळ किती मिळाले आणि किती शेजारीपाजारी वाटले, ते तर आता आठवतही नाही. मी कवयित्री नाही, कीर्तनकार नाही, नगरसेविका तर अजिबात नाही. लोअर परळच्या एका कंपनीत, आसपासच्या कोणत्या सामाजिक संस्थांना मदत द्यायची हे ठरवणाऱ्या विभागात मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. ठरवायचे साहेब. मी फक्त संस्था बघून यायचे. पण ज्याच्या हातात कागद-पेन दिसतं त्याच्याच खांद्यावर आपल्याकडे शाल पडते.

मुळात मी खरेदी खात्यातली. नट, बोल्ट, खोकी, पुठ्ठे मोजण्यात निम्मं आयुष्य गेलं. मग नफ्यातला ठराविक भाग समाजासाठी खर्च करायचा असा कायदा आला, कंपनीत सीएसआर नावाचं नवं खातं निघालं आणि त्यात बसवायला माणूस हवं झालं. एचआरची एक गोड मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "परब मॅडम, तुम्ही लालबागच्या ना? म्हणजे तुम्हाला गरीब लोक माहीत असतील."

मी म्हटलं, "हो, बरेचसे नातेवाईकच आहेत."

तिने ते गंभीरपणे लिहून घेतलं आणि पुढच्या महिन्यात माझी बदली झाली.

बाहेरच्यांना वाटतं, कंपनी म्हणजे कोणीतरी दयाळू शेठ, समोर आला त्याच्या हातावर काहीतरी ठेवतो. तसं नसतं. हा सगळा मुलगी बघण्याचा कार्यक्रम असतो. संस्थेचा अर्ज म्हणजे पत्रिका. नोंदणी, ऑडिट, करसवलतीचे दाखले हे सगळं जुळलं तरच पुढे बोलणी. मग आधी जाऊन गुपचूप चौकशी करून येणारी आत्या असते, ती मी. आणि शेवटी गाडीतून उतरणारे मुलाकडचे, ते आमचे डायरेक्टर. कांदेपोहे दोन्ही फेऱ्यांना असतात.

डायरेक्टरांची कमिटी तिघांची. एकजण कायम फोनवर असायचे, त्यामुळे ते कशालाच विरोध करत नसत. एक बाई होत्या, त्यांना झाडांची विलक्षण ओढ. कुठलाही प्रस्ताव आला की त्या विचारायच्या, "यात झाडं लावता येतील का?" रक्तपेढीचा प्रस्ताव होता तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. तिसरे मल्होत्रासाहेब. खरा निर्णय त्यांचा. माणूस मनाने चांगला, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. एकेका प्रस्तावाला बैठकीत चार मिनिटं मिळायची, आणि त्यातली तीन फोटो दाखवण्यात जायची.

माझ्याकडे गुणांचा एक तक्ता असायचा. एकूण गुण शंभर. कागदपत्रांना इतके, कामाच्या आवाक्याला इतके, असं करत करत शेवटी एक रकाना होता, 'प्रत्यक्ष दिसलेलं साहित्य', गुण वीस. हा रकाना मीच घातला होता. झालं असं, की अँटॉप हिलच्या एका संस्थेने संगणकवर्गाचे झकास फोटो पाठवले होते. मी जाऊन बघते तर खोलीत एकच संगणक, तोही भरतकाम केलेल्या कव्हराखाली. फोटो संस्थाचालकांच्या भाच्याच्या क्लासमधले होते. खरेदी खात्यातली बाई मी, माल मोजल्याशिवाय चलनावर सही कधी केली नाही. म्हटलं, यापुढे जे डोळ्यांना दिसेल त्यालाच गुण. साहेबांना हा रकाना इतका आवडला की त्यांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं.

कंपनीला काय द्यायचंय आणि लोकांना काय हवंय, याची गाठ क्वचितच पडते. एका वर्षी आम्ही महिलांना शिलाई मशिनं द्यायची असं ठरवून टाकलं आणि मग महिला शोधायला निघालो. कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेले. तिथल्या बायकांचा एक गट होता, त्यांना मासे ठेवायला बर्फाच्या मोठ्या पेट्या हव्या होत्या. मी मशिनांचं सुरू केल्यावर त्यांची पुढारीण शांतपणे म्हणाली, "बाय, चार कंपन्यांच्या मशिनी आल्यान आमच्याकडं. आता काय पापलेट शिवू?" मी परत येऊन हे वाक्य जसंच्या तसं बैठकीत सांगितलं. फोनवाले साहेबसुद्धा फोन बाजूला ठेवून हसले. पेट्या मिळाल्या.

या सगळ्या भटकंतीत माझा एक ठोकताळा तयार झाला होता. जिथे सत्कार मोठा तिथे काम बेताचं. दारात रांगोळी, लेझीम, स्वागतगीत असलं की मी आपोआप दोन गुण कमी करायचे. जिथे कोणाला माझ्याशी बोलायला फुरसत नाही, तिथे काहीतरी चाललंय असं धरायचं. या ठोकताळ्याचा मला फार अभिमान होता. तो कुठे गेला ते आता सांगते.

ठाकूरद्वारच्या एका वाडीतल्या मंडळाचा अर्ज आला. अर्ज हाताने लिहिलेला, अक्षर छापल्यासारखं. लिहिणारे भाई केळुसकर, सत्तरी ओलांडलेले, आयुष्य छापखान्यात गेलेलं. मंडळाचं काम एकच. आजारी माणसाला लागणारं सामान घरी न्यायला द्यायचं आणि गरज संपली की परत घ्यायचं. वर-खाली होणारी इस्पितळातली असते तसली लोखंडी खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची. इस्पितळ माणसाला घरी पाठवतं, पण घर इस्पितळासारखं नसतं. तिथे भाई लागायचे. त्यांच्याकडे खाटा चारच होत्या आणि वहीत अकरा घरं नंबर लावून बसली होती. त्यांना आमच्याकडून आणखी आठ खाटा हव्या होत्या.

मी गेले तेव्हा रांगोळी नव्हती. चाळीच्या जिन्याखालची खोली, भाई बनियनवर, हातात तेलाची कुपी. माझं नाव ऐकल्याबरोबर पहिला प्रश्न, "परब? खंयचे परब?"

"कणकवलीकडचे," मी म्हटलं. आमच्या तक्त्यात हा प्रश्न नाही, पण तो सुटल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही.

मग खोली बघितली. एक मोडकी कुबडी, एक कॅलेंडर, एक वही. बाकी भिंती.

"भाई, सामान कुठाय?"

"लोकांच्या घरी," भाई म्हणाले. मी विचारलं तेच मुळी त्यांना विचित्र वाटलं असावं. "हंय ठेवून कोणाक उपयोग?"

मी वही बघितली. कोणती खाट कोणाकडे, कधी गेली, कोण वाट बघतंय, सगळं लिहिलेलं. माणूस सोन्यासारखा होता. पण तक्त्यातल्या त्या वीस गुणांच्या रकान्यात मी काय लिहिणार? दिसलेलं साहित्य, एक मोडकी कुबडी. आदल्याच आठवड्यात मी दादरच्या अशाच एका संस्थेत जाऊन आले होते. तिथे मोठा हॉल भरून चाकाच्या खुर्च्या ओळीने उभ्या होत्या, प्लॅस्टिकचं वेष्टनही न काढलेल्या. त्यांना मी वीसपैकी वीस दिले होते. त्या कोऱ्या खुर्च्यांवर कोणी कधी बसलं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

मला भाईंना मदत मिळवून द्यायची होती, अगदी मनापासून. म्हणून निघताना मी आत्याबाईंच्या थाटात एक सल्ला दिला.

"भाई, आता साहेब स्वतः येतील. त्या दिवशी काहीतरी दिसलं पाहिजे हो. रिकामी खोली बघून कोणी मदत देत नाही."

माझ्या मनात होतं, चार फोटो भिंतीवर लावतील, एखादा तक्ता करतील. भाईंनी मान डोलावली आणि म्हणाले, "काळजी नको. करतो मी."

साहेब शुक्रवारी अकराला आले. वाडीच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हाच मला रांगोळी दिसली आणि माझा ठोकताळा आठवला. आत चौकात मात्र बघतच राहिले. चारही खाटा ओळीने मांडलेल्या, वर पांढऱ्याशुभ्र चादरी, प्रत्येक खाटेला झेंडूचा हार. शेजारी चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्यासुद्धा घासूनपुसून चकचकीत. चाळीचे तिन्ही मजले गॅलरीत उभे. भाई इस्त्रीच्या शर्टात, कपाळावर घाम.

मल्होत्रासाहेब खूश झाले. "सुरेखा, धिस इज व्हॉट आय कॉल इन्व्हेंटरी!" म्हणाले. मीही खूश झाले. इतकी खूश, की हे सगळं कालपर्यंत कुठे होतं हे विचारायचं भानच राहिलं नाही.

साहेब खाटा तपासायला लागले. तिसऱ्या खाटेच्या दांड्याला सुतळीने एक छोटी पितळी घंटा बांधलेली होती, देवघरातली असते तशी. साहेबांना वाटलं ही खाटेचीच काही सोय असावी. त्यांनी ती वाजवली.

पहिल्या मजल्यावरून लगेच आवाज आला, "आले हं आई!" आणि एक बाई ओल्या हातांनी गॅलरीत धावत आली. खाली पन्नास माणसं आणि सुटातले साहेब बघून तिने तोंडावर हात ठेवला. सगळी चाळ हसली. साहेब तर टाळ्या वाजवत म्हणाले, "व्हेरी फास्ट सर्व्हिस!"

मी हसले नाही. मला त्या घंटेवरून सगळं एकदम कळलं. साहेबांना मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या हवाली करून मी जिना चढले.

ती बाई वैशाली. खोलीत जमिनीवर चटई, चटईवर दोन गोधड्या, आणि त्यावर कुशीला वळवून, पाठीशी उशा लावून ठेवलेली तिची सासू. इंदूआजी. अंगावर घडीचं लुगडं, केस विंचरलेले. पाठीला जखम झाली होती म्हणून तर मंडळाने ती खाट वर्षापूर्वी त्यांना दिली होती.

"सकाळी सातला खाली घेतलं," वैशाली म्हणाली. "भाई म्हणाले, दुपारपर्यंतच. आम्ही चौघांनी धरून ठेवलं. तशा काही बोलल्या नाहीत."

आजीच बोलल्या. "पावणे येतले म्हटल्यार आसा ता दाखवक नको? मीच सांगितलंय, न्या म्हणान." मग जरा थांबून म्हणाल्या, "हार घातल्यानी मां खाटेक?"

मी हो म्हटलं. मला लाज वाटली. पुढे काय वाटलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण मी केलं काय ते सांगितलं पाहिजे. मी खाली आले आणि गप्प बसले. साहेबांच्या कानात एक वाक्य बोलले असते तर कार्यक्रम तिथेच आटोपला असता. पण मनात हिशेब सुरू झाला. फसवणूक केली म्हणून साहेबांनी अर्जच फेटाळला तर? त्या अकरा घरांचं काय? म्हणून मी साहेबांना चाकाच्या खुर्चीवर बसून फोटो काढू दिला. भाषणं होऊ दिली. अध्यक्षांनी मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात केली तीही ऐकली. साबुदाणावडे खाऊन झाले, शाल आली, ती घेतली. वर आजी तेवढा वेळ कुशीवर पडून होत्या.

गाडी गेल्यावर मी भाईंना धरलं. "हे काय केलंत तुम्ही? मी असं म्हटलं होतं?"

भाईंचा चेहरा एवढासा झाला. "तुमीच म्हणालात ना, दिसलं पाहिजे? चेडू बघूक येतत तेव्हा शेजारणीचो कपबशांचो सेट आणत नाय आपण? सगळ्यांच्या घरी जाऊन विचारलं मी. एकानेही नाही म्हटलं नाही हो."

माझ्या स्वतःच्या बघण्याच्या कार्यक्रमाला आईने पडदे मोरेकाकूंचे, खुर्च्या बुवांच्या आणि कपबशा चार घरांच्या आणल्या होत्या. एक कप दुसऱ्याशी जुळत नव्हता. त्यात कोणाला फसवणूक वाटली नाही. घरात आहे ते दाखवायचं, आणि घर म्हणजे अख्खी चाळ. भाईंनी तेच केलं होतं. चूक एवढीच, की कपबशा उसन्या दिल्या म्हणून कोणी जमिनीवर येत नाही. आणि ती चूक त्यांच्याकडून माझ्या रकान्याने करवून घेतली होती.

खाट वर चढवताना एक बाजू मी धरली. जिना अरुंद, वळणावर ती उभी करावी लागते. तिच्यावरचा हार काढायचं कोणाला सुचलं नाही. आजींना परत वर घेतलं, वैशालीने खाटेचं डोकं उचललं, आणि आजींनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग डोळे न उघडताच मला विचारलं, "तुज्या सायबान झोपान बघल्यान काय गो खाटेर?"

"नाही आजी."

"मग काय बघल्यान?"

आमच्या कमिटीच्या इतक्या वर्षांच्या बैठकांत इतका चोख प्रश्न कोणी विचारला नाही. मी ऑफिसात जाऊन तक्त्यात वीसपैकी वीस लिहिले आणि आठ खाटा मंजूर झाल्या. लोक म्हणतील, शेवट गोड झाला. मला तो तसा वाटला नाही.

पुढल्या वर्षी तक्ता सुधारायची बैठक झाली तेव्हा मी सांगितलं, उसनं सामान देणाऱ्या संस्थांसाठी हा रकाना उलटा करा. खोली भरलेली दिसली तर गुण कमी. रिकामी दिसली तर वही बघायची, वहीतल्या दोन घरी जायचं, आणि सामान तिथे वापरात असेल तर पूर्ण गुण.

मल्होत्रासाहेब हसले. "खाली कमरे को फुल मार्क्स? क्यों?"

तेव्हा मी त्यांना घंटेची गोष्ट सांगितली. सगळी, माझ्या गप्प बसण्यासकट. त्यांनी तक्ता बाजूला सारला. मग म्हणाले, "मुझे बताया क्यों नहीं?"

"सर, तुम्ही फोटो काढत होता."

झाडवाल्या बाई खोकल्या. मला वाटलं, आता आपली बदली परत नट-बोल्टांत. पण साहेबांनी एवढंच विचारलं, "कितनी देर थीं वो नीचे?" मी म्हटलं, सातपासून एकपर्यंत. त्यांनी पेन काढलं, रकाना उलटा केला, आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, की यापुढे भेटीच्या वेळी सत्कार घेणार नाही. त्यामुळे शाली बंद झाल्या आणि संस्था आम्हाला कुंडीतली रोपं द्यायला लागल्या. झाडवाल्या बाई फार समाधानी होत्या.

इंदूआजी त्यानंतर दीड वर्षाने गेल्या. मला निवृत्त झाल्यावर कळलं. यंदा गणपतीच्या आधी ठाकूरद्वारला गेले होते, तेव्हा आधी भाईंना भेटले. त्यांनी मोठ्या ऐटीत जिन्याखालच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आत आता मोडकी कुबडीसुद्धा नव्हती. "बघा, एक वस्तू नाय!" म्हणाले. मी म्हटलं, "शंभरपैकी शंभर."

मग वैशालीकडे गेले. तिने चहा टाकला. खाट कोणाकडे गेली विचारलं तर म्हणाली, समोरच. गॅलरीच्या पलीकडच्या खोलीत दळवीकाका आहेत, त्यांचं माकडहाड मोडलं. खाट गेली तशीच गेली, घंटेसकट. भाई म्हणत होते घंटा सोडून ठेव, तुझ्या देवघरातली आहे. वैशालीच राहू दे म्हणाली होती.

"अजून वाजली की उठायला होतं बघा," ती हसत म्हणाली. "किती वेळा तरी 'आले हं आई' म्हणून दारापर्यंत गेलेय. मग आठवतं."

चहाला उकळी येत होती तेवढ्यात घंटा वाजली. ती अर्धी उठली, माझ्याकडे बघून ओशाळली आणि परत बसली. घंटा पुन्हा वाजली. तिने कान दिला. "दळवीकाकू बाजारात गेल्यात वाटतं," म्हणाली, आणि पदर खोचून निघाली. गॅलरीतून तिचा आवाज ऐकू आला, "आले हं!"

मी उठून चहाखालचा गॅस बंद केला आणि तिची वाट बघत बसले.